मोटार हवा घेत होती आणि मी ४३,१६० रुपये मोजले

घरच्या माशांच्या टँकच्या पंपापायी फसलो. आकडा आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला कमी-जास्त वाटायला नको. व्हिजिट १,५००, गाडीभाडं १,२००, पाणी टँकमध्ये परत चढवणारा 'इम्पोर्टेड' रिटर्न पंप १४,५००, स्किमरचा (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) अ‍ॅडव्हान्स २२,००० आणि त्या २२,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणून ३,९६०. एकूण ४३,१६०. यातला जीएसटी सगळ्यात जास्त झोंबतो. माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, जीएसटीचं रिटर्न मी स्वतः भरतो. समोरच्याने बिल दिलं नाही, पंधरा अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर दिला नाही, आणि मी 'टॅक्स' म्हणून पैसे पाठवले. सूत घेताना कोनाच्या वजनात पन्नास ग्रॅमचा फरक पडला तरी गाडी परत पाठवणारा माणूस मी.

घरी चार फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, सम्प, म्हणजे खालची टाकी, धरून अडीचशे लिटरचा. खाली कपाटात सम्प, त्यात तीन कप्पे, शेवटच्या कप्प्यात रिटर्न पंप. एप्रिलच्या शेवटी वरच्या टँकमध्ये बारीक बुडबुडे यायला लागले. साखरेसारखे बारीक, सगळं पाणी धुरकट. रिटर्नच्या नळीची धारही मंदावली. सोलापूरचा उन्हाळा कुणाला सांगायला नको. पाणी थंड राहावं म्हणून टँकवर पंखा लावला होता, त्यामुळे रोज पाच-सहा लिटर पाणी उडत होतं. त्यातच अक्कलकोटला चुलत भावाकडचं लग्न. चार दिवस घर बंद, पाणी घालणार कोण?

परतल्यावर हे बुडबुडे. घाबरून एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ टाकला. तासाभरात एकाचा फोन. 'सर, मी मरीन टेक्निशियन, रविवारी तिकडेच येतोय.' बोलणं एकदम गोड. ओव्हरफ्लो, बॅफल, हेड लॉस, सगळे शब्द तोंडपाठ. मीही काही अडाणी नाही, पण शब्द ओळखीचे निघाले की माणूसही ओळखीचा वाटतो.

रविवारी आला. काचेला हात लावला आणि म्हणाला, 'पंप बाद झालाय.' सम्पचं कपाट तोवर उघडलंही नव्हतं. मी उघडलं. त्याने पाणी बदलायला ठेवलेला माझाच खाऱ्या पाण्याचा कॅन उचलला आणि 'चेक' म्हणून शेवटच्या कप्प्यात ओतला.

दहा मिनिटांत बुडबुडे थांबले.

मी तिथेच उभा होतो. डोळ्यांनी पाहिलं. आणि तो म्हणाला, 'बघा, आता तात्पुरता सावरला, रात्री परत करेल.' मी मान डोलावली! अहो, आमच्या गावात नळाला रोज पाणी नाही, हौद आणि मोटार घरोघरी. हौदात पाणी खाली गेलं की मोटार हवा घेते, आवाज बदलतो, हे इथल्या सहावीतल्या पोरालाही कळतं. सम्पमध्येही तेच होतं. आधीच्या कप्प्यांची पातळी बॅफल, म्हणजे मधल्या काचा, धरून ठेवतात, उडालेल्या पाण्याची सगळी घट शेवटच्या कप्प्यात दिसते. तिथे पातळी पडली की पंप भोवरा करून हवा ओढतो आणि तिचा चुरा करून वर फेकतो. संपलं. वीसेक लिटर आरओच्या पाण्याचं काम होतं.

त्याने नवा पंप आणि स्किमर गळ्यात मारला. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलतंच नाव आलं. 'मेव्हण्याचं खातं आहे सर.' तिथे थांबा. नाव जुळलं नाही की बोट उचला.

जुना पंप 'एक्स्चेंजमध्ये' न्यायला निघाला होता, पण बायको म्हणाली, 'राहू द्या, पडला तर पडला अडगळीत.' ती नसती तर तोही गेला असता. वर सल्ला काय दिला, तर स्किमर येईपर्यंत रोज खारंच पाणी घाला, मीठ जास्त असलं की फेस चांगला धरतो. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची, हे मला माहीत होतं. तरी घातलं. खारटपणाच्या मीटरवर १.०२५ चं १.०३० झालं आणि टँकमधला क्लीनर श्रिंप, म्हणजे कोळंबीचा एक प्रकार, मेला. रोज सकाळी माझ्या बोटावर चढायचा तो.

नव्या पंपाची धार जुन्याइतकीच. फोन केला तर म्हणे, 'चार फूट चढ आहे ना सर, फ्लो पडतोच.' अर्धं खरं आहे, चढावर धार पडतेच. म्हणून बिनचढाची परीक्षा घेतली. मोठ्या टबात पंप बुडवला आणि जमिनीलगत वीस लिटरची बादली भरली. ४८ सेकंद. म्हणजे तासाला १,५००, आणि खोक्यावर ४,०००. ओल्या अंगठ्याने पंपावरचं लेबल घासलं तर कोपरा उचलला गेला, खाली दुसरं लेबल, त्यावर १५००. नवा पंप घेतलात तर पैसे द्यायच्या आधी बादली आणि घड्याळ घेऊन बसा.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. स्किमर आजतागायत नाही.

मग पोलीस. पहिल्या ठाण्यात विचारलं, 'मासे खायचे का?' चौघे हसले. खारं पाणी घरात कशाला, हे समजावण्यात अर्धा तास गेला. नंतर कळलं, माझा पत्ता त्यांच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात सांगितलं, माणूस बाहेरगावचा, तिकडे जा. तिकडे म्हणजे कुठे? पत्ता असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? तिसऱ्या खेपेला एक साहेब म्हणाले, 'ओटीपी गेला नाही, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, हा व्यवहार झाला.' गोड बोलून खिसा रिकामा केला तर तो व्यवहार! अर्जाच्या प्रतीवर पोच मागितली तर शिक्का सापडेना. बँकेत तीन चकरा, तीन काउंटर, एकच फॉर्म तीनदा. १ जुलै २०२४ पासून हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवून घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय, हे मी घरी येऊन वाचलं. तुम्ही छापून खिशात ठेवा. आणि पहिल्या तासातच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावा. मी लाजेपोटी पाच दिवस गप्प बसलो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण नोटीस पाठवायला त्याचा पत्ता लागतो. व्हिजिटला आलेल्या माणसाच्या आधारचा नाही तर नाही, निदान गाडीच्या नंबरचा फोटो घ्या.

जुना पंप आमच्या कारखान्यातल्या जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याने, खोलला. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून इम्पेलर, म्हणजे आतली फिरकी, रात्रभर भिजवला, पांढरा थर सुटून आला. सम्पवर मार्करने रेघ मारून दिली आणि म्हणाला, 'मालक, मोटार हवा घेत होती, एवढंच.' मी त्याला आकडा सांगितला नाही.

आता तोच जुना पंप चालू आहे. साडेचौदा हजारांचा पंप बायकोने कूलरला लावलाय.