दारू पिऊन गाडी चालवल्याची केस ‘मिटवून देतो’ म्हणणाऱ्याने माझे 43,000 रुपये खाल्ले

आकडा वरच लिहिलाय, अंदाज बांधत बसायला नको. आणि ज्या गुन्ह्यापायी हे पैसे गेले त्याला कायद्यात पहिल्या वेळी जास्तीत जास्त दंड किती? 10,000. मोटार वाहन कायदा, कलम 185. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. हा 2019 च्या दुरुस्तीनंतरचा दर. त्याआधी दोन हजारांपर्यंतच होता. मला हे कधी कळलं? खिसा रिकामा झाल्यावर.

‘पिऊन चालवलीच कशाला’ हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. मेव्हण्याच्या हळदीला गेलो होतो, सगळ्यांनी घेतली तशी मीही घेतली. गाव सात किलोमीटरवर, रस्ता पायाखालचा, रात्री परत यायला दुसरं वाहन नाही. 29 नोव्हेंबर 2024 ची रात्र. फाट्यावर नाकाबंदी होती. मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा 68 आला. मर्यादा 30 ची, म्हणजे 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलीग्रॅम. पुढे ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त घेतलं, मोटारसायकल ठाण्यात लावली, मेव्हण्याने सही करून मला सोडवलं. याची शिक्षा कोर्टाने दिली असती तर मी गुमान भोगली असती. पण चोरट्याने लुटावं हे कोणत्या कलमात बसतं?

माझा छोटा हत्ती आहे, भाड्याने चालवतो. आडतीवरचा माल, मोंढ्यातली पोती, कुणाचं घरसामान. पोट लायसनवर आहे. 185 मध्ये लायसन आरटीओकडे निलंबनाला जातं, किमान तीन महिने. ही भीती डोक्यात घेऊन मी कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कागदाच्या प्रती काढायला उभा होतो. तो ‘मिटवून देतो’वाला तिथेच असतो. पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत फायली. कोट नाही, पण येणारा-जाणारा ‘वकीलसाहेब, नमस्कार’ म्हणतोय. माझ्या हातातल्या चलनाच्या प्रतीवर नजर टाकून म्हणाला, “एकशे पंच्याऐंशी का? नवीन मॅजिस्ट्रेट आलेत भाऊ, लई कडक हायत. मागच्या महिन्यात दोघं डायरेक्ट आत गेले.” कोण दोघं, ते मी विचारलं नाही. ज्याच्या मानेवर केस आहे तो असलं काही विचारत नाही, एवढंच सांगतो.

पैसे कसे गेले ते लिहितो, कारण तुमच्याकडूनही याच क्रमाने मागतील. वकीलपत्र आणि तिकिटाचे 3,000, फोनपेवर. सी.ए. रिपोर्ट म्हणजे रक्ताचा प्रयोगशाळेतला अहवाल, तो ‘तीसच्या आत आणायचे’ 15,000, रोख. ‘वरचा खर्च’ 12,500, रोख. आरटीओकडे लायसन जाऊ न देण्याचे 8,000, रोख. निकालाच्या नकलेचे 4,500, परत फोनपेवर. बेरीज करून बघा. पंधरा हजारासाठी मी चार क्विंटल सोयाबीन मोंढ्यात 4,100 ने घातलं. हमीभाव 4,892 होता. थांबलो असतो तर खरेदी केंद्रावर नंबर लागला असता. पण ‘सोमवारी रिपोर्ट निघतोय, सोमवारच्या आत पाहिजेत’ असा तगादा लावल्यावर कोण थांबतंय?

मोठी रक्कम रोख आणि बारकी रक्कम फोनपेवर, ही त्याची हुशारी. उद्या कुणी विचारलं तर ‘टायपिंगचे, झेरॉक्सचे घेतले’ म्हणायला मोकळा. ओरिजिनल कागदही काढून घेतले: मशीनची स्लिप, चलन, गाडी सोडवल्याचा कागद. म्हणे फाईलला लावायला लागतात. ओरिजिनल कागद बापालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.

आता ती पावती. हिच्यावर मी अजून स्वतःशी भांडतो.

फेब्रुवारीत त्याने फोन केला, केस संपली, दोन हजार दंडात मिटली, पेढे आणा. दुकानाच्या मागे नेऊन हातात कागद ठेवला. वर कोर्टाचं नाव, मध्ये माझं नाव, खाली जांभळ्या शाईचा गोल शिक्का अर्धा उमटलेला, त्यावर वळणदार सही. तारीख 22 फेब्रुवारी 2025. मी घरी नेऊन बायकोला दाखवली. तिने कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाली, “त्या दिवशी शनिवार होता ना? माझी बँकसुद्धा बंद होती.” ती बचत गटाचा हिशेब बघते, दुसरा आणि चौथा शनिवार तिला पाठ आहे. कोर्टालाही त्या शनिवारी सुट्टी असते. मी तिला म्हणालो, “कोर्टाचं वेगळं असतं, तुला काय कळतंय.” हे वाक्य मला त्रेचाळीस हजाराहून महाग पडलं. अजूनही घरात कोणत्याही गोष्टीवर वाद झाला की ती फक्त ‘शनिवार’ म्हणते.

पण मी म्हणतो, शिक्का असलेल्या कागदावर माणसाने विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा? सातबारा काय, जातीचा दाखला काय, आपण आयुष्यभर शिक्काच बघत आलो.

आणखी एक खूण होती. त्याने मला एकदाही कोर्टाच्या पायऱ्या चढू दिल्या नाहीत. तारखेला निघालो की फोन: “कशाला येऊलालाव? सायबाची नजर पडली की फाईल अडकतेय. मी हाय ना.” मला वाटलं, माणूस आपला त्रास वाचवतोय, दिवसाचं भाडं बुडत नाही. खऱ्या वकिलाने नंतर सांगितलं की अशा केसमध्ये न्यायाधीश आरोपीलाच विचारतात, गुन्हा कबूल आहे का. तुम्हाला कुणी काही विचारलंच नाही आणि केस संपली, तर संपलेली नाही. दंडाचे पैसे कोर्टात नाझरकडे, म्हणजे कोर्टाचा पैसा सांभाळणाऱ्या कारकुनाकडे भरतात, झेरॉक्सच्या दुकानामागे नाही.

जूनमध्ये, पेरणीच्या ऐन धांदलीत, सकाळी दारात पोलीस. तारखांना गैरहजर म्हणून अजामीनपात्र वॉरंट. आई ओट्यावर बसलेली, शेजारचे कुंपणापाशी येऊन उभे. मी आत जाऊन पावती आणून दाखवली. हवालदाराने ती उलटी-पालटी करून बघितली, हसला आणि परत दिली. त्या हसण्याचा राग मला त्या भामट्याच्या रागापेक्षा जास्त आहे, खरं सांगतो.

त्या दिवशी ज्या वकिलाकडे धावलो त्यांच्या ज्युनिअर पोराने चहा येईपर्यंत मोबाईलवर माझी केस काढून दाखवली. ई-कोर्ट्स नावाचं सरकारी ॲप आहे, फुकट. पक्षकाराचं नाव आणि साल टाकलं की केस निघते, सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर निघतो, पुढची तारीख कळते. माझ्या केसपुढे ‘प्रलंबित’ लिहिलेलं. पहिल्या दिवसापासून प्रलंबित. माझ्या नावाने एक वकीलपत्रसुद्धा दाखल नव्हतं. आता ओळखीत कुणाची केस असली की मी पहिल्यांदा त्याचा मोबाईल मागतो.

वॉरंट रद्द करायला कोर्टात हजर झालो, अर्ज दिला, 500 रुपये खर्च भरायला लावला. वकिलांची फी 6,000, पावतीसह. ही पावती मी देवघरात ठेवली आहे.

जास्त जळफळाट कशाचा होतो? केस लढवण्यासारखी होती. वकिलांनी दोषारोपपत्राची नक्कल काढली आणि एकेक विचारायला लागले. अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली का? कायद्यात तसं लिहिलंय. स्लिपवर वेळ आणि मशीनचा नंबर होता का, तुमची सही होती का? मशीन तपासल्याचा दाखला जोडलाय का? रक्ताच्या बाटलीला सील कुणी केलं, ती प्रयोगशाळेत किती दिवसांनी पोचली? डॉक्टरने नुसतं ‘तोंडाला वास येतो, चाल बरी’ लिहून भागत नाही म्हणाले, आकडा लागतो. आकडा माझ्याविरुद्ध होता हे खरं, पण स्लिपवरच्या वेळेवरून काही निघतंय का हे बघायला माझी मूळ प्रत पाहिजे होती. ती कुठे आहे? काखेतल्या फायलीत. कुणी सांगेल की मशीनमध्ये फुंकूच नका, रक्त देऊच नका. ऐकू नका. नकार दिला तर तोच नकार कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येतो, कलम 205. आणि दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड, त्यामुळे घाईत गुन्हा कबूल करून मोकळं होण्याआधीही वकिलाला विचारा.

आता तक्रारीचं ऐका.

ठाण्यात गेलो. आधी म्हणाले, हा देवाणघेवाणीचा मामला आहे, दिवाणीत जा. मी खोटी पावती पुढे केली. कोर्टाचा बनावट कागद हा दिवाणी मामला कधीपासून झाला? तर साहेब म्हणाले, “रिपोर्ट बदलायला पैसे दिलेत ना? मग आधी तुमच्यावरच लाच दिल्याचा गुन्हा घेऊ का?” मी गप्प. याच भरवशावर ती माणसं जगतात. वकिलांनी नंतर समजावलं की 2018 पासून लाच देणाराही आरोपी होतो हे खरं, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत कळवलं तर सूट आहे. लाचलुचपतवाल्यांचा नंबर 1064. माझे सात दिवस सोयाबीनच्या पैशाबरोबरच गेले होते, आणि तसंही ते पैसे कुठल्या साहेबापर्यंत पोचलेच नव्हते, त्या भामट्याच्याच घशात होते. मग ही लाच कशी? याचं उत्तर ठाण्यात कुणाकडे नाही. शेवटी अदखलपात्र, म्हणजे पोलीस आपणहून तपास करत नाहीत असा गुन्हा, म्हणून एक कागद हातात दिला. पूर्वी ज्याला चारशे वीस म्हणायचो ते आता भारतीय न्याय संहितेत 318 झालं, दखलपात्र आहे, पण ते मी कुणाला शिकवू?

1930 ला, म्हणजे ऑनलाईन फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, फोन लावला. ऑनलाईन गेले किती? 7,500. बाकी रोख? मग ठाण्यात जा. वकील संघाच्या कार्यालयात गेलो तर म्हणे तो आमचा सदस्यच नाही. बार कौन्सिलकडे तक्रार करावी तर ती सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असलेल्या वकिलाविरुद्ध चालते, याच्याकडे सनदच नाही. म्हणजे खोटा वकील असणं हे खऱ्या वकिलापेक्षा सुरक्षित! ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये 2023 च्या दुरुस्तीने असल्या दलालांसाठी कलम आलंय. कोर्टाने केलेल्या दलालांच्या यादीत नाव असलेला सापडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दंड किती? जास्तीत जास्त पाचशे रुपये. मी वॉरंट रद्द करायला तेवढेच भरले.

पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज दिला. आवकचा शिक्का मारून दिला, हा खरा शिक्का. अर्ज फिरून त्याच ठाण्यात आला, त्याच साहेबांच्या टेबलावर, आणि मला फोन आला की जबाब द्यायला या. जबाब दिला. पुढे काय? “एकट्याचीच तक्रार आहे ना,” म्हणाले.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं, 15100 वर फोन लागतो. पात्र असलात तर मोफत वकील देतात. मला हे कुणी सांगितलं नाही आणि तसा फलकही दिसला नाही. दिसला असेल तर त्याच्यासमोरच तो उभा असेल.

मागच्या तारखेला गेलो तर गडी तिथेच, झेरॉक्सच्या दुकानात. माझ्याकडे बघून नमस्कार केला. शेजारी एक पोरगं, हातात चलनाची प्रत. मी त्याला बाजूला घेतलं, त्याच्या मोबाईलवर केस काढून दिली. त्यानेही 3,000 दिले होते.

म्हणून आता आम्ही दोघं आहोत. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुका कोर्टाबाहेर पांढरा शर्ट, काळी पँट, कोट नाही, ‘लई कडक मॅजिस्ट्रेट’ अशा माणसाला तुम्ही पैसे दिले असतील तर फोनपेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पावती फाडू नका, आणि आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज देऊन आवक नंबर घ्या. एकट्याचीच तक्रार आहे, असं त्यांना परत म्हणता येऊ नये.