ओल्ड स्कूल रूनस्केपचं रिअलटाइम प्राइस पेज, सहा-सात महिने वापरल्यावर

ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम जे लोक फक्त बॉस (मोठे राक्षस) मारायला खेळतात त्यांना हे बोअर होईल, पण ज्यांचं अर्धं खेळणं ग्रँड एक्स्चेंजच्या, म्हणजे गेममधल्या बाजाराच्या, सौद्यांच्या आठ स्लॉटपाशी उभं राहूनच होतं त्यांच्यासाठी लिहितोय. गेमच्या विकीवाल्यांचं, बाजारातले ताजे भाव दाखवणारं पेज आहे हे. फुकट, लॉगिन नाही, अ‍ॅप नाही, फोनच्या ब्राउझरवर पण नीट चालतं.

आधी आकडे येतात कुठून ते बघा, कारण नवीन लोक इथेच गंडतात. गेम स्वतः दाखवतो ती गाइड प्राइस हळूहळू सरकते, तोवर बाजार कधीच पुढे गेलेला असतो. विकीचा डेटा येतो रूनलाइट या क्लायंटवरून (गेम चालवायचं वेगळं सॉफ्टवेअर) खेळणाऱ्यांच्या सौद्यांमधून, आणि प्रत्येक वस्तूचे दोन भाव दिसतात, एक म्हणजे घाईत उचलणाऱ्याने किती मोजले आणि दुसरा म्हणजे घाईत फुंकणाऱ्याच्या हातात किती पडले. आता रूनलाइट चालतं कॉम्प्युटरवर, म्हणजे आपल्याकडे जे लोकलमध्ये लटकत मोबाइलवर खेळतात त्यांची खरेदी-विक्री त्यांच्या बाजूने यात धरलीच जात नाही. नेचर रून, शार्क, ड्रॅगन बोन्स असल्या धावत्या मालाला याने काही फरक पडत नाही, पण जी वस्तू दिवसातून मोजून काही वेळा हलते तिच्या भावाच्या बाजूला किती वेळापूर्वीचा सौदा ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय एक कॉइन लावू नका. वरचा भाव आत्ताचा, खालचा सकाळचा, आणि मधला फरक बघून लोक खूश! तो फरक कधी अस्तित्वातच नव्हता राव. शिवाय कुणीतरी मार्जिन (दोन भावांमधला फरक) बघायला एकच नग मुद्दाम महाग घेतलेला असतो, त्याचाही ग्राफवर सुळका दिसतो.

म्हणून मी भावाच्या आधी व्हॉल्यूम, म्हणजे किती नग हलले ते, बघतो. भाव स्थिर आणि व्हॉल्यूम अचानक दुप्पट झाला तर कुणीतरी माल ओततंय, बहुतेक वेळा बॉटवाले (प्रोग्रामकडून आपोआप खेळवणारे), आणि भाव पडायच्या आधी हे दिसतं. कच्च्या मालात तर हमखास. उलट बॉट्सची एखादी मोठी तुकडी बॅन झाली की व्हॉल्यूम आधी आटतो, भाव मागून चढतो.

टॅक्सचं गणित पेजवर मार्जिनमध्येच धरलेलं असतं हे फार बरं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये विक्रीवर १ टक्का टॅक्स आला, मे २०२५ पासून २ टक्के झाला, आणि एका नगावर जास्तीत जास्त ५० लाख कॉइन्स. म्हणजे १० लाखांच्या वस्तूवर २० हजार गेले, त्यापेक्षा कमी फरकावर फ्लिप करणं (स्वस्तात घेऊन लगेच महाग विकणं) म्हणजे दात कोरून पोट भरणं, किंबहुना तेवढंही नाही, तोटाच. आणि गंमत बघा, २५ कोटींच्या वर टॅक्स वाढतच नाही, त्यामुळे शंभर कोटींच्या वर जाणारा ट्विस्टेड बो (एक धनुष्य) विकणारा अर्धा टक्कासुद्धा भरत नाही आणि आपण गरीब माणसं पूर्ण दोन टक्के. असो. या टॅक्समधल्या कॉइन्सचा एक भाग वापरून ठरावीक वस्तू बाजारातून उचलून कायमच्या डिलीट करतात, ते मात्र मला पटतं, नाहीतर दहा वर्षांत साठलेला माल जिरणार कुठे.

आता इकॉनॉमीची तब्येत. मला वाटतं एकेका वस्तूचा ग्राफ बघून ती कळत नाही, दोन गोष्टी बघायच्या. पहिली हाय आल्क. हा जादूचा स्पेल वस्तूचे ठरलेले कॉइन्स देतो, रून प्लेटबॉडी या चिलखताचे ३९,००० म्हणजे ३९,०००, बाजारात काहीही चालू असो. हा आपला हमीभावच समजा, फक्त इथे खरेदीला सरकार हमखास येतं. भाव आल्कच्या किमतीतून स्पेलला लागणाऱ्या नेचर रूनचा खर्च वजा केल्यावर उरतं त्याच्या खाली गेला की लोक विकत घेऊन घेऊन आल्क करतात, मग भाव तिथेच टेकतो. पण हे कॉइन्स कुणाच्या खिशातून येत नाहीत, नवीन छापले जातात. म्हणून खूप वस्तू एकाच वेळी आल्कच्या भावाला टेकलेल्या दिसल्या तर मी सावध होतो, माल जास्त झालाय आणि त्याचं रूपांतर नोटांमध्ये होतंय. रून प्लेटबॉडीला चार तासांत ७० चं बाय लिमिट (एकाने घ्यायच्या नगांची मर्यादा) आहे म्हणून तरी बरं.

दुसरी गोष्ट बॉन्ड, म्हणजे मेंबरशिपसाठी वापरता येणारी, विकता येणारी वस्तू. २०१५ पासून आहे, एका बॉन्डवर १४ दिवसांची मेंबरशिप मिळते. कुणीतरी खऱ्या पैशाने घेतो, दुसरा कॉइन्स देऊन उचलतो, नवीन कॉइन तयार होत नाही. त्यामुळे कॉइनची किंमत किती उरलीय ते इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. आता भाव एक कोटी कॉइन्सच्या वर गेलाय. पण मेंबरशिप महाग झाली किंवा सगळ्यांना आवडेल असा मोठा अपडेट आला तरी बॉन्ड चढतो, तेव्हा त्या आठवड्यात महागाई महागाई म्हणून ओरडायचं नाही. बुधवारी अपडेट येतो, त्याच्या आसपासचे दोन दिवस मी ग्राफमधून बाजूलाच ठेवतो.

एपीआय (प्रोग्रामने डेटा खेचायची सोय) पण मोफत आहे. पाच मिनिटांची आणि तासाची सरासरी मिळते, ग्राफसाठी एका वस्तूच्या मागच्या ३६५ नोंदीच मिळतात, म्हणजे तासाच्या हिशोबाने जेमतेम पंधरा दिवस. त्यापेक्षा जुनं बारीक पाहिजे असेल तर रोज स्वतः साठवायचं. स्क्रिप्टमध्ये आपण कोण आणि कशासाठी वापरतोय हे युजर एजंटमध्ये (स्क्रिप्टची ओळख सांगणारी ओळ) लिहावं लागतं, पायथनचं डिफॉल्ट ठेवलं तर ब्लॉक करतात. बरोबरच आहे, फुकटचा सर्व्हर आहे.

जे नाही ते म्हणजे गेममध्ये रोज किती कॉइन्स तयार झाले आणि किती जिरले याचा आकडा. ईव्ह ऑनलाइन या दुसऱ्या गेमवाले दर महिन्याला असा रिपोर्ट काढतात, कुठल्या मार्गाने चलन आलं, कुठून गेलं, सगळं. तो एकदा बघितला की इथे बॉन्ड आणि आल्कवरून अंदाज बांधत बसणं जरा केविलवाणं वाटतं, पण ते विकीच्या हातात नाही. फ्लिपिंगसाठी पाचपैकी साडेचार, इकॉनॉमी समजून घ्यायला तीन.