चकतीचं मीटर गेलं, नवं आलं, पण घड्याळ अकरा मिनिटं मागे: मीटर अपग्रेड आणि एनर्जी पॅकेज, वापरानंतरचा अनुभव

मागच्या आठवड्यात आमच्या मीटरचं घड्याळ एकदाचं जुळवून मिळालं. अख्खं मीटर बदलायला जेवढे फोन आणि मेल लागले नव्हते तेवढे या घड्याळासाठी लागले, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय, कारण मीटर अपग्रेड करा, खर्च आटोक्यात आणा असं सांगणारे भरपूर आहेत पण मीटरच्या आतलं घड्याळ बघून घ्या असं मला एकानेही सांगितलं नव्हतं.

आमचं प्लॅस्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. बॅरल हीटर, हायड्रॉलिक पंप, चिलर, एक स्क्रू कॉम्प्रेसर, लोड म्हणजे एवढाच. जुनं मीटर चकतीचं, डिमांडची, म्हणजे सर्वात जास्त लोड किती गेला ते दाखवणारी सुई वेगळी, महिन्याला एकदा ती शून्यावर आणायची आणि महिनाभरात नेमकी कधी वर गेली हे कळायची काही सोयच नाही. आम्ही घेतलेल्या एनर्जी पॅकेजमध्ये वीज कंपनीकडची कागदपत्रं आणि पाठपुरावा पॅकेजवाले करणार, नवं इलेक्ट्रॉनिक मीटर बसणार, आतल्या फीडरना (मशीनकडे जाणाऱ्या लाइनना) वेगळे सबमीटर, मोबाईलवर बघायला पोर्टल आणि महिन्याला एक रिपोर्ट. मीटर घ्यायचं की नाही हा प्रश्न नव्हताच, चकतीवाली कधी ना कधी जाणारच होती, प्रश्न बाकीच्या गोष्टींना पैसे द्यायचे का एवढाच होता.

पहिलं बिल आलं आणि ते जुन्यापेक्षा जास्त. माल तेवढाच काढलेला, मशीन तीच, शिफ्ट त्याच. मी तेव्हा प्रचंड चिडलो होतो आणि ओळखीच्या दोन-तीन कारखानदारांना सांगूनही टाकलं की नवं मीटर पळतं, थांबा जरा. त्यात नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधनाबद्दल वाचलं, 2017 साली ते बरंच गाजलं होतं, 9 इलेक्ट्रॉनिक मीटर तपासली तर त्यातली 5 खऱ्यापेक्षा जास्त दाखवत होती, काही वेळा तर 582 टक्क्यांपर्यंत जास्त. मग काय, माझी खात्रीच पटली. पण तेच नीट परत वाचलं तर लक्षात आलं की तो प्रकार डिमर लावलेल्या एलईडी आणि सीएफएल दिव्यांमुळे करंटचा आकार फार वेडावाकडा झाल्यावरचा होता आणि जास्त दाखवणारी मीटर रोगोव्स्की कॉइलवाली (करंट मोजायला लोखंडी गाभा नसलेलं वेटोळं वापरणारी) होती, काही मीटर तर उलट कमी दाखवत होती. आमचं मीटर साध्या सीटीवर (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालतं आणि लोड मुख्यतः मोटर आणि हीटरचा. तरी मी चेक मीटर मागितलं, ते काही दिवस सिरीजमध्ये ठेवलं, आणि दोन्हीतला फरक मीटरच्या अचूकतेच्या मर्यादेतच आला.

म्हणजे गडबड जुन्यातच होती. चकतीच्या मीटरचं बेअरिंग झिजतं, त्यात धूळ बसते, आणि मग थोडक्या लोडला चकती हलतच नाही. आमच्याकडे रात्री शिफ्ट नसताना जे काही चालू राहायचं त्यातलं बरंचसं जुन्या मीटरने मोजलंच नव्हतं. नवं मीटर अगदी बारीक करंटपासून मोजायला लागतं. त्यामुळे "नवं मीटर पळतं" हे माझं मत मी मागे घेतलंय आणि ज्यांना सांगितलं होतं त्यांनाही तसं कळवलंय. बिल वाढेल, हे धरूनच मीटर बदला आणि वाढलं तर आधी रात्रीचा लोड बघा.

रात्रीचा लोड बघायला सबमीटर होते. इथे पहिली सर्व्हिसची कटकट. कॉम्प्रेसरचा सबमीटर जे दाखवत होता ते इतकं कमी होतं की रिपोर्टमध्ये लिहून आलं, कॉम्प्रेसर उत्तम, सुधारणेला वाव नाही. ज्या मशीनचा आवाज दिवसभर थांबत नाही ते एवढी कमी वीज खातंय हे मला पटेना. आमच्या इलेक्ट्रिशियनने डिस्प्लेवर एकेका फेजची पॉवर बघितली तर एका फेजसमोर वजा चिन्ह. एक सीटी उलटी बसवलेली. तिन्ही फेजवर सारखा लोड असेल आणि एक सीटी उलटी असेल तर दोन फेजची बेरीज, तिसऱ्याची वजाबाकी, हाती उरतं एका फेजएवढं, म्हणजे खऱ्याच्या बरोबर एक तृतीयांश. हे पाच मिनिटांत दिसण्यासारखं आहे, आणि ज्यांनी बसवलं त्यांनीच त्या आकड्यावर रिपोर्ट बनवून दिला! सीटी सरळ केल्यावर कॉम्प्रेसर एकदम यादीत वरच्या नंबरला आला. सबमीटर बसवून घेणाऱ्यांनी माणूस जायच्या आत प्रत्येक फेजची पॉवर आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या एकूण पॉवरपैकी कामाला येणारा हिस्सा) वेगवेगळा दाखवायला लावा, एकूण आकडा बघून सही करू नका.

मग रात्रीची रेघ दिसली. शिफ्ट बंद, मशीन बंद, आणि कॉम्प्रेसर दर थोड्या वेळाने लोडवर जाऊन (हवा भरून) परत अनलोड होतोय (नुसता रिकामा फिरतोय), कारण हवा गळतेय. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोड चालतानाही पूर्ण लोडच्या चौथा ते तिसरा हिस्सा वीज घेतच राहतो, आणि 7 बारच्या लाइनला 3 मिलिमीटरचं एक भोक म्हणजे साधारण तीन किलोवॅटचा कायमचा खर्च. साबणाचं पाणी घेऊन सगळ्या लाइन फिरलो, कपलिंग आणि जुन्या नळ्या बदलल्या, रात्री मेन व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसरच बंद ठेवायला लागलो, प्रेशरही एक बारने खाली आणलं, तेवढ्यानेही सहा-सात टक्के फरक पडतो. खरं सांगायचं तर पैशाच्या हिशोबात या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोठी बचत हीच, मला ते मान्य आहे. नळ्या आणि साबणाच्या पाण्याचा खर्च सोडला तर फुकटात झाली, आणि आकडे समोर नसते तर अजून पाच वर्षं ती हवा तशीच गळत राहिली असती.

पण माझं डोकं फिरलं ते डिमांडवर, आणि तिथून घड्याळावर.

आमचं बिल केव्हीएवर, म्हणजे नुसत्या कामाला येणाऱ्या किलोवॅटवर नाही तर घेतलेल्या एकूण पॉवरवर. पॉवर फॅक्टरचं गणित वाचणाऱ्यांना माहीत असेलच, 100 किलोवॅट 0.8 ला म्हणजे 125 केव्हीए आणि 0.95 ला आणलं तर 105, त्यासाठी साधारण 42 केव्हीएआरचे (हे कॅपॅसिटरचं माप) कॅपॅसिटर. ते आमचे होतेच. त्यामुळे पॅकेजवाल्यांनी डिमांड कमी करायला सुचवलं काय, तर सगळ्या मोठ्या मोटरना सॉफ्ट स्टार्टर, कारण म्हणे मोटर सुरू होताना सहापट करंट घेते आणि डिमांड तिथेच वाढते. हे ऐकायला एकदम बरोबर वाटतं आणि कोटेशनही जाडजूड येतं. पण मीटर डिमांड क्षणाची धरत नाही, आमच्याकडे पंधरा मिनिटांच्या ब्लॉकची सरासरी धरतं. पंधरा मिनिटं म्हणजे 900 सेकंद. मोटर आठ सेकंद सहापट करंटवर राहिली तरी जादा भर आठ गुणिले पाच, 40, भागिले 900, म्हणजे त्या मोटरच्या स्वतःच्या लोडच्या साडेचार टक्क्यांच्या आत. सॉफ्ट स्टार्टर यांत्रिक धक्के वाचवायला चांगला आहे, व्होल्टेज बसत असेल तर चांगला आहे, पण डिमांड उतरवायला म्हणून घ्यायचा असेल तर आधी हा भागाकार करा. मी ते कोटेशन नाकारलं आणि त्याचं मला समाधान आहे.

आमची डिमांड वर जायची ती सगळे हीटर, चिलर आणि पंप एकदम सुरू केल्यामुळे. म्हणून ठरवलं की महाग पट्टा, म्हणजे दिवसातली जास्त दराची वेळ, संपला की मगच जड लोड चालू करायचा, आमच्या टॅरिफमध्ये तो रात्री दहाला संपतो आणि त्यानंतरच्या डिमांडला सवलत आहे. सुपरवायझर शिस्तीचा माणूस, दहाच्या आत एक हीटर चालू होऊ दिला नाही. आणि महिनाअखेरीस बिलात महाग पट्ट्यातली डिमांड 119 केव्हीए. दहाच्या आत तिथे 60 च्या वर काही चालतच नव्हतं!

पोर्टलवर बघितलं तर काही कळेना, कारण पोर्टलचा ग्राफ तासाच्या सरासरीचा. बिल पंधरा मिनिटांवर आणि ग्राफ साठ मिनिटांवर, यात शिखर दिसणार कसं, चार ब्लॉक एकत्र घुसळून टाकल्यावर. कच्चा डेटा द्या म्हणून मागे लागलो, आधी म्हणाले वरच्या प्लॅनमध्ये आहे, मग म्हणाले फाइल मोठी असते. माझ्या मीटरचा, माझ्या विजेचा डेटा. शेवटी मीटरच्या ऑप्टिकल पोर्टवरून लोड सर्व्हे, म्हणजे मीटरमध्ये साठलेली ब्लॉकवार नोंद, काढून घेतला तेव्हा दिसलं, जड लोडची उडी पावणेदहा ते दहाच्या ब्लॉकमध्येच सुरू होतेय. सुपरवायझर तर म्हणतोय दहाच्या आधी नाही. मग मीटरसमोर उभा राहिलो, डिस्प्ले एकेक पान सरकवत वेळेच्या पानावर येईपर्यंत थांबलो आणि शेजारी मोबाईल धरला. मोबाईलवर सव्वापाच, मीटरवर पाच वाजून चार मिनिटं.

आता गणित बघा. खरे दहा वाजले तेव्हा मीटरला नऊ एकोणपन्नासच वाटतायत. त्याचा पावणेदहाचा ब्लॉक खऱ्या नऊ छप्पन्नला सुरू होऊन दहा अकराला संपतो. त्यातली चार मिनिटं आमचा लोड 60, आणि पुढची अकरा मिनिटं जड लोड, साधारण 140. चार गुणिले साठ अधिक अकरा गुणिले एकशे चाळीस, भागिले पंधरा, आलं 119. बिलावरचा आकडा! एवढा राग मला त्या पहिल्या बिलाचाही आला नव्हता. माणसं रोज शिस्त पाळतायत, हीटर तापायची वाट बघत बसतायत, आणि ते सगळं एका चुकीच्या घड्याळामुळे महाग पट्ट्यात मोजलं जातंय.

वीज कंपनीकडे तक्रार केली तर उत्तर आलं, साहेब, पाच-दहा मिनिटं घड्याळ मागेपुढे होतंच, नैसर्गिक आहे. अजिबात नैसर्गिक नाही. या मीटरमधलं घड्याळ क्वार्ट्‌झ क्रिस्टलचं असतं, दिवसाला अर्ध्या सेकंदाची चूक धरली तरी अकरा मिनिटं म्हणजे 660 सेकंद मागे पडायला 1320 दिवस लागतील, साडेतीन वर्षांच्या वर. आमचं मीटर बसून अजून वर्षही झालेलं नाही. म्हणजे बसवतानाच वेळ चुकीची टाकली गेली, हे मी आकड्यांसकट लिहून दिलं. मग दुसरं उत्तर, मीटर दुरून आपोआप वेळ जुळवून घेतं. घेतं, पण संपर्क असेल तर. आमच्या लोखंडी पॅनेलच्या आत मोडेमला सिग्नलच नव्हता, तो महिने-महिने जोडलेलाच नव्हता, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही कारण रीडिंग घ्यायला माणूस येतच होता. अँटेना पॅनेलच्या बाहेर काढायला सांगितली, त्यालाही पाठपुरावा लागला. मीटर सीलबंद असतं, घड्याळ वाटेल त्याला बदलता येत नाही, अधिकृत माणसाने बदललं तरी मीटरच्या इव्हेंट लॉगमध्ये नोंद होते, आणि हे असंच असायला हवं, यावर माझी काही हरकत नाही. पण त्या नियमाच्या आडून महिनोन् महिने टाळाटाळ करायची हे मात्र सहन होत नाही.

आता वेळ जुळली. ती नोंद लॉगमध्ये आहे, तिचा फोटो मी काढून ठेवलाय आणि मागच्या महिन्यांच्या डिमांडचा फरक परत मागितलाय. त्यावर अजून उत्तर नाही. ते मिळेपर्यंत मी लिहीत राहणार आहे.

पॅकेज पुढे चालू ठेवणार का? मीटर आणि सबमीटर उत्तम, त्यांना माझं शंभर टक्के समर्थन, आकड्यांशिवाय वीज वाचवता येत नाही. पोर्टल आणि रिपोर्ट बंद करतोय. तासाच्या सरासरीचा ग्राफ आणि उलट्या सीटीवर लिहिलेला रिपोर्ट यासाठी दरमहा पैसे द्यायची माझी तयारी नाही, महिन्यातून एकदा लोड सर्व्हे उतरवून स्प्रेडशीटमध्ये टाकला तर आमच्याच अकाउंटंटला सगळं दिसतं.

त्याच फाइलमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद आणि कॅपॅसिटर मात्र लाइनवरच, त्यामुळे पॉवर फॅक्टर लीडिंगला जातोय, म्हणजे मोटरमुळे जातो (लॅग) त्याच्या उलट्या बाजूला. जुनं मीटर उलटं मोजायचंच नाही म्हणून कधी जाणवलं नाही, नवं लॅग आणि लीड दोन्ही मोजतं आणि केव्हीएएचमध्ये (केव्हीए गुणिले तास) धरतं. कॅपॅसिटर बँकेला आपोआप कमी-जास्त करणारा रिले आणि काँटॅक्टर मागवलेत, पुढच्या बंदच्या दिवसाआधी बसतील. ज्यांच्याकडे असे स्थिर कॅपॅसिटर कायम जोडलेले आहेत त्यांनी सुट्टीच्या दिवसाचे ब्लॉक वेगळे काढून बघा, आणि बघतच आहात तर वेळेच्या पानावर येईपर्यंत थांबा आणि शेजारी मोबाईल धरा.