एनॉक्सापॅरिनची भरलेली सिरिंज : सोयीची, पण माहितीपत्रक सुधारायला हवे

कर्करोगात, विशेषतः स्वादुपिंड किंवा जठराच्या, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका बराच वाढतो आणि केमोथेरपीने त्यात भरच पडते. पायात गुठळी आढळल्यावर डॉक्टरांनी वडिलांना एनॉक्सापॅरिन या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधाची ही इंजेक्शने लिहून दिली. मात्रा आधीच भरलेली असल्याने मोजमापाची कटकट नाही, आणि पोटाच्या कातडीची घडी चिमटीत धरून, बेंबीपासून सुमारे 5 सेंमी दूर, घरीच टोचता येते. पूर्ण सिरिंज द्यायची असल्यास आतला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो, ही महत्त्वाची सूचना मात्र फारच बारीक अक्षरांत आहे. जागा चोळली नाही तरी काळेनिळे डाग पडतातच. गुठळ्या रोखणाऱ्या गोळ्या अर्थातच सोप्या. पण जठराच्या कर्करोगात काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो आणि उलट्या होत असतील तर गोळी पोटात टिकत नाही, त्यामुळे आम्हाला इंजेक्शनच भरवशाचे वाटले.