स्टेथोस्कोप की एक्स-रे? अमेरिकन डॉक्टरांच्या हातात आलेली दोन यंत्रं

स्टेथोस्कोप मूळचा फ्रान्सचा, 1816 मध्ये तिथल्या डॉक्टर लेनेकने कागदाची सुरळी करून पेशंटच्या छातीला लावली तिथून सुरुवात, पण दोन्ही कानांत घालायचा जो मॉडेल आपण आज बघतो तो वापरायला सोपा करून दिला न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॅमनने, 1850 च्या दशकात. स्वस्त, खिशात मावणारा, लाइट बिल शून्य! पण कान तयार व्हायला वर्षं जातात. ऑस्टिन फ्लिंटसारख्या डॉक्टरने नुसतं ऐकून हृदयाचा एक वेगळाच मर्मर (ठोक्यांमधला जास्तीचा आवाज) ओळखला, त्याला आजही त्याचंच नाव आहे. पण त्याने जे ऐकलं ते बाजूच्याला दाखवणार कसं?

इथेच एक्स-रे भाव खाऊन जातो. जर्मन शास्त्रज्ञ रॉन्टजेनचा हा शोध नोव्हेंबर 1895 चा आणि फेब्रुवारी 1896 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बर्फावर स्केटिंग करताना पडलेल्या एका मुलाच्या मनगटाचा फोटो काढलासुद्धा, बिचाऱ्याला 20 मिनिटं हात न हलवता बसावं लागलं. हाड मोडलंय हे सगळ्यांना दिसलं, वादच नको. फक्त किंमत भयंकर होती, एडिसनचा असिस्टंट क्लॅरेन्स डॅली किरणांच्या मागे लागून हात गमावून बसला आणि 1904 मध्ये गेला, एडिसननेही एक्स-रेचा नाद सोडला.

मोडलेल्या हाडाला एक्स-रेच. पण हृदयाची झडप गळतेय का, दम्याची शिट्टी वाजतेय का, हे एक्स-रेच्या फिल्मवर ऐकू येत नाही हो, तिथे मी अजूनही नळीवाल्याच्या बाजूने.