अर्धवट राहिलेल्या रिसाइझनंतर दुरुस्त केलेली ईएक्सटी४: काही महिने वापरल्यावर

लिनक्समधल्या एफएससीके या तपासणी-दुरुस्तीच्या साधनाने ‘क्लीन’ ठरवलेल्या फाइल सिस्टीमवर (डिस्कवर फायली मांडून ठेवणाऱ्या रचनेवर) भरवसा ठेवावा का? काही महिने रोज वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय. मशीन चालवायला ती पुरते, जपून ठेवायच्या फायलींसाठी पुरत नाही.

ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम. तिचं मोठं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक भाग, लहान करणं चालू असताना मध्येच वीज गेली. वाढवताना एवढा धोका नसतो. जुना डेटा जवळपास जागीच राहतो, म्हणून माउंट, म्हणजे वापरासाठी जोडलेलं, असतानाही वाढवता येतं. लहान करायला मात्र पार्टिशन अनमाउंट करावं लागतं. नव्या हद्दीबाहेर पडणारा प्रत्येक ब्लॉक (डेटाचा छोटा तुकडा) आत आणायचा, मग आयनोडमधले (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीतले) पत्ते बदलायचे, गरज पडली तर आयनोडच हलवायचे आणि डिरेक्टरीतल्या नोंदी जुळवायच्या. एरवी वीज गेल्यावर सांभाळून घेणारं जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) या कामात उपयोगी पडत नाही, कारण आकार बदलणारा प्रोग्राम, रिसाइझ२एफएस, थेट डिस्कवर लिहितो. त्यामुळे अर्ध्या नोंदी जुन्या जागेच्या, अर्ध्या नव्या जागेच्या अशी अवस्था मागे राहू शकते. कामाला हात घालतानाच तो सुपरब्लॉकवर (फाइल सिस्टीमच्या मुख्य माहितीच्या नोंदीवर) त्रुटीची खूण करून ठेवतो, म्हणजे पुढे तपासणी टळत नाही. हे मला मनापासून आवडलं.

ई२एफएससीके, म्हणजे ईएक्सटी४साठीचा एफएससीके, चालवला, सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हणणाऱ्या पर्यायासह. बरीच दुरुस्ती झाली, काही फायली लॉस्ट+फाउंड या सापडलेल्या अनाथ फायलींच्या फोल्डरमध्ये नावाऐवजी आयनोड क्रमांक घेऊन आल्या, आणि दुसऱ्यांदा चालवल्यावर एकही तक्रार आली नाही. त्यानंतर वेग नेहमीसारखा, कर्नल लॉगमध्ये एकही एरर नाही. पहिले काही आठवडे मी हे साधन कौतुकाने इतरांना सुचवत होतो.

मग जुन्या फायली उघडायला लागलो. एका फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी. एक झिप सीआरसी एरर (आतला मजकूर बिघडल्याची सूचना) देऊन थांबते. एका व्हिडिओच्या मधोमध भलत्याच फाइलचा मजकूर. नाव, आकार, तारीख मात्र सगळीकडे बरोबर! फोल्डर बघून काहीच कळत नाही आणि फाइल उघडेपर्यंत नुकसान दिसत नाही, हे सगळ्यात वाईट.

कारण समजून घेतलं तेव्हा उलगडा झाला. एकच ब्लॉक दोन फायली आपला म्हणत असतील, तर ई२एफएससीके त्याची प्रत काढून दोघींना एकेक देतो. वाद मिटतो, पण त्या ब्लॉकमधला मजकूर फार तर एकीचाच असतो. एक्स्टेंटची (सलग ब्लॉकच्या पट्ट्याची) नोंद चुकीची असेल तर ती पुसली जाते, आणि फाइलच्या तेवढ्या भागात वाचताना नुसती शून्यं मिळतात. रचना सुसंगत झाली की त्याचं काम संपतं. आत काय लिहिलंय हे त्याला कळायचा मार्गच नाही, कारण ईएक्सटी४मध्ये चेकसम (मजकूर बदलला का हे ओळखणारा आकडा) असलं तरी ते मेटाडेटाचं, म्हणजे फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या नोंदींचं, असतं, फायलींमधल्या डेटाचं नसतं.

मला वाचवलं ते बॅकअपसाठी वापरत असलेल्या आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामच्या नेहमीच्या वागण्याने. तो फक्त आकार आणि बदलाची वेळ पाहतो. बिघडलेल्या फायलींमध्ये ते दोन्ही तसंच असल्यामुळे बॅकअपमधल्या चांगल्या प्रतींवर त्या चढल्या नाहीत. चेकसमचा पर्याय लावून आणि प्रत्यक्ष काहीही न लिहिता आरसिंक चालवला, तेव्हा बिघडलेल्या फायलींची यादी मिळाली. अशा वेळी चेकसम लावून थेट बॅकअप घेऊ नका, बॅकअपमधली चांगली प्रत त्यात नष्ट होईल.

रिसाइझ२एफएसमध्ये अनडू फाइलची सोय आहे. तिच्यावर विसंबू नका. वीज गेली किंवा सिस्टीम कोसळली तर ती कामाला येत नाही, असं मॅन्युअलमध्येच लिहिलंय. जीपार्टेड या पार्टिशन हाताळण्याच्या प्रोग्राममध्ये ‘कॅन्सल’ आहे, पण जबरदस्तीने थांबवण्याचं बटण तो पाच सेकंद उलटी मोजणी झाल्याशिवाय दाबू देत नाही आणि सोबत इशाराही देतो. काम अडकल्यासारखं दिसलं तरी ते दाबू नये. ब्लॉक हलवायला खरंच खूप वेळ लागतो, विशेषतः पार्टिशनची सुरुवात सरकवायची असेल तेव्हा.

रिसाइझ आधीच मोडलं असेल, तर दुरुस्तीआधी डीडीरेस्क्यू या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणाऱ्या साधनाने संपूर्ण पार्टिशनची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ई२एफएससीके त्या प्रतीवर चालवा. तो जे पुसतो ते परत मिळत नाही.

मी ती फाइल सिस्टीम आता काढून टाकली आहे. एलव्हीएमवर (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर) व्हॉल्यूम मुद्दाम लहान ठेवतो, बाकी जागा मोकळी सोडतो आणि लागेल तसं फक्त वाढवतो. डिस्क बदलायची तर डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवणारा त्याचाच पीव्हीमूव्ह वापरतो, तो मध्येच थांबला तरी पुन्हा चालवून पुढे नेता येतो. फोटोंसाठी बीटीआरएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम घेतली. ती माउंट असताना लहान होते, डेटाचंही चेकसम ठेवते आणि स्क्रबमध्ये (सगळा डेटा वाचून पडताळताना) बिघडलेली फाइल नावानिशी दाखवते. ईएक्सटी४ लहान करायचीच वेळ आली, तर दुसऱ्या डिस्कवर नवी फाइल सिस्टीम बनवतो, फायली कॉपी करून चेकसमने पडताळतो आणि मगच जुनी पुसतो.