रेड झोनचा प्रश्न: खासदार, खातं की कोर्ट?

माझ्या मामेभावाची पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्याला दीड गुंठा जागा आहे. घेताना एजंटाने सात-बारा दाखवला, रस्ता दाखवला, फक्त देहूरोडच्या लष्करी दारूगोळा कोठाराच्या रेड झोनची, म्हणजे कोठाराभोवती बांधकामाला बंदी असलेल्या पट्ट्याची, हद्द दाखवायची विसरला. आता प्लॉटधारकांच्या ग्रुपवर रोज तीन तट पडतात. एक म्हणतो खासदारांना निवेदन देऊ, दुसरा म्हणतो थेट दिल्लीला संरक्षण खात्याला लिहू, तिसरा म्हणतो वर्गणी काढा आणि हायकोर्टात चला. भावाला वर्गणी द्यायची की नाही हे ठरवायचं होतं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

महापालिका बांधकामाला परवानगी नाकारते, पण बंधन तिचं नाही. ते येतं १९०३ च्या ‘वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट’मधून. कायदा कर्झनच्या काळातला, अजून लागू आहे. त्यात संरक्षणाच्या ठिकाणापासून दोन हजार, हजार आणि पाचशे यार्डांचे टप्पे आहेत. त्यातली कोणती बंधनं कुठल्या जमिनीवर लावायची हे केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं. नुकसान झालं तर भरपाईची तरतूदही त्यातच आहे, ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ठरते. म्हणजे दीड गुंठ्यावर तिघांचा हात. यार्डांचा आकडा बदलायचा असेल तर संसद लागेल. रेषा सरकवायची असेल तर खातं. रेषा कायदा सोडून आखली असेल किंवा भरपाई अडली असेल तर कोर्ट. ग्रुपवर शे-दोनशे मेसेज पडतात, पण आपल्याला यातलं नक्की काय हवंय हे एकानेही विचारलेलं मी वाचलं नाही.

खासदाराचं दार सगळ्यांत जवळचं. तळवडं शिरूर मतदारसंघात, देहूरोड मावळात, म्हणजे इथे तर दोन दारं आहेत. पण ‘कायदा बदला’ असं निवेदन देणार असाल तर ते फोटोपुरतंच राहील. खासदार स्वतःचं विधेयक मांडू शकतो, त्यासाठी शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते. आजवर अशी १४ विधेयकं कायदा झाली, त्यातलं शेवटचं १९७० साली. शिवाय १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. खरी ताकद आहे ती प्रश्न विचारण्यात. लोकसभेत रोज वीस तारांकित प्रश्न लागतात, तेही चिठ्ठ्या काढून. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं आणि ते कागद म्हणून जन्मभर वापरता येतं. म्हणून निवेदन देऊ नका, प्रश्नाचा मसुदा लिहून द्या. एक मेख आहे. मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारत नाही, कारण सरकार तोच. अमेरिकेत काँग्रेसचा सदस्य मंत्री झाला तर त्याला सभागृहातली जागा सोडावी लागते. आपल्याकडे मंत्री संसदेतूनच येतात, त्यामुळे कायदा करणारे आणि राबवणारे एकाच बाकावर बसलेले दिसतात. शाळेच्या पुस्तकात संसद, सरकार आणि कोर्ट असे तीन वेगवेगळे चौकोन काढलेले असतात ते इथे विसरायचे.

खात्याचं दार सगळ्यांत स्वस्त. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. अधिसूचनेची प्रत, तारीख, सर्व्हे नंबरांसह नकाशा आणि आजवर भरपाईचे किती प्रस्ताव निघाले, एवढंच मागा. ‘अन्याय झाला आहे’ वगैरे अर्जात लिहू नका, त्याला उत्तर नसतं. सुरक्षेचं कारण सांगून नकार येऊ शकतो, पण अधिसूचना राजपत्रात छापावीच लागते, ती गुप्त नसते. या दारातली अडचण उघड आहे. रेषा ज्याने आखली त्यालाच ती पुसायला सांगायची.

आता कोर्ट, कारण ग्रुपचा सगळा ओढा तिकडे आहे. कोर्टाच्या ताकदीचं पुण्याइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे शोधावं लागेल. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमीनधारणेचा अभ्यास करत होते. तिथल्या सरकारने १९६७ ते १९८१ मध्ये २५६ अध्यादेश, म्हणजे सभागृह बसलेलं नसताना काढायचे तात्पुरते कायदे, सभागृहापुढे न नेता पुन्हा पुन्हा काढून चालू ठेवले होते, काही तर चौदा वर्षांपर्यंत. वाधवा सुप्रीम कोर्टात गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायमूर्तींनी याला राज्यघटनेची फसवणूक म्हटलं. पण वाधवांकडे आधी अध्यादेशांची सगळी यादी तयार होती, मग ते कोर्टात गेले.

दुसरं उदाहरण ताजं आहे. २९ मार्च २०२३ ला पुण्याचे खासदार गिरीश बापट वारले. लोकसभेची मुदत वर्षाहून जास्त उरली होती, म्हणजे सर्वसाधारण नियमाने सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी. ती होईना म्हणून एक पुणेकर मतदार हायकोर्टात गेला. डिसेंबरमध्ये ‘तातडीने घ्या’ असा आदेश मिळाला, जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. पुण्याने मतदान केलं ते थेट १३ मे २०२४ ला, सार्वत्रिक निवडणुकीत. बाजू बळकट, निकालही बाजूने, तरी खुर्ची वर्षभर रिकामीच.

खर्चाचंही बोलू. आपलं हायकोर्ट मुंबईला. २०२५ मध्ये कोल्हापूरला त्याचं सर्किट बेंच, म्हणजे तिथे बसणारं खंडपीठ, सुरू झालं, पण त्यात पुणे जिल्हा नाही. प्रत्येक तारखेला पहाटे उठून घाट उतरायचा, तारीख घेऊन रात्री परत. आणि कोर्ट रेषा नव्याने आखून देत नाही. फार तर खात्याला सांगेल की कायद्याप्रमाणे पुन्हा विचार करा. म्हणजे फिरून दुसऱ्याच दारात.

म्हणून माझं मत होतं की वर्गणी आत्ता नको. आधी दहा रुपये, मग प्रश्नाचा मसुदा, आणि दोन्ही उत्तरं हातात आल्यावर वकील. भावाने अर्ज माझ्याच टेबलावर बसून लिहिला. पहिल्या खर्ड्यात अन्यायावर दीड पान होतं, ते खोडून चार ओळी ठेवल्या. पोस्टल ऑर्डर घ्यायला तो पोस्टात गेलाय, ग्रुपवर मात्र अजून वर्गणीची यादी फिरतेय.